सोन्याचा नैसर्गिक खंड : आधी पारख, मग शोध

नैसर्गिक सुवर्णखंड, म्हणजे नगेट, गोळा करण्याचा छंद लागलेले बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी महागडे मेटल डिटेक्टर घेतले जाते, मग रानोमाळ भटकंती होते आणि अखेरीस हाती आलेली पिवळी वस्तू सोने आहे की नाही, असा प्रश्न पडतो. या लेखात क्रम मुद्दाम बदलला आहे. सोने ओळखण्याची सवय हाताला आणि डोळ्याला आधी लागली पाहिजे. ती लागली की शोधण्याचे निम्मे काम सोपे होते, आणि ज्यांना स्वतः शोधायला न जाता खंड विकत घेऊन संग्रह करायचा आहे, त्यांची फसवणूकही टळते.

नगेट म्हणजे नेमके काय

सोने मुळात जमिनीच्या खोल भागात, खडकांच्या भेगांतून वाहणाऱ्या उष्ण खनिजद्रवांतून साठते. बहुधा त्याच्यासोबत क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचे पांढरे खनिज, साठलेले असते. लाखो वर्षांच्या ऊनपावसाने खडक झिजला, की त्यातील सोने सुटे होते आणि उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते. धुळीसारखे कण, पातळ पापुद्रे आणि बोटांनी उचलता येईल असे खंड, या सगळ्यांचा उगम असा एकच असतो. मोठे खंड नदीच्या गाळात किंवा मातीत हळूहळू ‘वाढतात’ असे बराच काळ मानले जात असे. परंतु अनेक खंड कापून, घासून, आम्लाने त्यांची रचना उघडी केल्यावर आत जी स्फटिकरचना दिसते, ती खोल व उष्ण जागी झालेल्या निर्मितीशी जुळणारी असते. पाणी आणि माती यांनी फक्त वरचे रूप बदललेले असते.

ही माहिती शोध घेताना थेट उपयोगी पडते, कारण जड खंड उगमापासून फार दूर जात नाहीत. कडा धारदार असतील, खाचांत क्वार्ट्झ चिकटून असेल, तर मूळ शीर, म्हणजे सोने साठलेली खडकातील भेग, जवळच असण्याची शक्यता मोठी. कडा गोलसर आणि अंग गुळगुळीत असेल, तर खंडाने प्रवास केलेला आहे.

निसर्गातील सोने शंभर टक्के शुद्ध नसते. त्यात प्रामुख्याने चांदी आणि थोडे तांबे असते. चांदी साधारण पाचव्या हिश्शाहून अधिक झाली, की त्या फिकट मिश्रणाला इलेक्ट्रम म्हणतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचे सोने बऱ्याचदा ९५ टक्क्यांहून शुद्ध असते, तर कॅनडातील क्लोंडाइकच्या काही ओढ्यांतील सोने ८० टक्क्यांच्या आसपास भरते. त्यामुळे रंगातही फरक पडतो, आणि ‘खरे सोने अमुक एका छटेचेच असते’ हा समज सोडून द्यावा लागतो.

पारख, पहिली पायरी : डोळा आणि टाचणी

नमुना प्रथम सावलीत न्यावा. सोन्याचा रंग उन्हात, सावलीत आणि कोणत्याही कोनातून जवळपास सारखाच राहतो. पायराइट, म्हणजे सोन्यासारखे दिसणारे लोह आणि गंधकाचे खनिज, उन्हात लखलखते आणि सावलीत काळवंडते. अभ्रकाचा पापुद्रा हात किंचित फिरवला की चमकतो व पुन्हा विझतो. पायराइटला घनाकृती स्फटिक आणि त्यांवर समांतर रेघा असतात. कॅल्कोपायराइट हे तांबेही असलेले तसेच खनिज अधिक पितळी असून त्यावर बहुधा निळसर-जांभळी झाक चढलेली असते. सोन्याचेही स्फटिक क्वचित सापडतात, परंतु बहुतेक खंडांना वितळून थिजल्यासारखा, खड्ड्याखाचांचा, ठरावीक आकार नसलेला देह असतो.

दुसरी तपासणी टाचणीची. भिंगाखाली धरून टाचणीच्या टोकाने नमुना हलकेच दाबावा. सोन्याची कठिणता मोह्ज मापनश्रेणीवर, म्हणजे खनिजांची कठिणता १ ते १० अंकांत मांडणाऱ्या श्रेणीवर, २.५ ते ३ एवढीच असल्याने टोक रुतून खळगा पडतो. पायराइटची कठिणता ६ ते ६.५ असते आणि ते ठिसूळ असल्यामुळे तडकते किंवा त्याचा चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. मात्र ही तपासणी बारीक कणांवर करावी. संग्रहात ठेवण्याजोग्या खंडावर ओरखडा उठवणे म्हणजे स्वतःच्या हाताने त्याचे मोल कमी करणे होय. तशीच वेळ आली, तर खाचेतील न दिसणारी जागा निवडावी.

तिसरी तपासणी कसाची. चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर, किंवा साध्या फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर, नमुना घासल्यास सोन्याची रेघ सोनेरीच उमटते. पायराइट आणि कॅल्कोपायराइट यांची रेघ हिरवट काळी येते. पितळेचीही रेघ पिवळी दिसते, त्यामुळे या तपासणीने खनिजांचा निवाडा होतो, नकली धातूंचा नव्हे. चुंबकाबाबत सावध असावे. सोने चुंबकाकडे ओढले जात नाही हे खरे, परंतु खाचांत लोहयुक्त खडक अडकला असेल तर अस्सल खंडही किंचित हलतो.

पारख, दुसरी पायरी : पाण्यातील वजन

सगळ्या तपासण्यांत माझा सर्वाधिक भरवसा या एकीवर आहे, कारण रंगाची नक्कल करता येते, जडपणाची करणे फार कठीण असते. शुद्ध सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आहे. ९० टक्के सोने आणि बाकी चांदी असेल तर ती साधारण १७.८ भरते, ८० टक्क्यांना सुमारे १६.५. याउलट शिसे ११.३, पितळ सुमारे ८.५, पायराइट ५, कॅल्कोपायराइट ४.२ आणि क्वार्ट्झ २.६५ यांवर थांबतात. टंगस्टनची घनता मात्र सोन्याएवढी आहे. पण तो इतका कठीण असतो की टाचणी त्यात रुतत नाही, म्हणून या दोन तपासण्या एकमेकींना पूरक ठरतात.

कृती अशी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा सपाट जागी ठेवून खंडाचे कोरडे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याने अर्धे भरलेले लहान भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा. बारीक दोऱ्याने बांधलेला खंड पाण्यात असा सोडावा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूंना टेकणार नाही. आता काट्यावर जो आकडा दिसतो, ते खंडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच घन सेंटिमीटरमधील त्याचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. समजा, खंडाचे वजन १२.४० ग्रॅम आहे आणि पाण्यातील आकडा ०.७१ आला. भागाकार १७.५ येतो, म्हणजे खंड चांगल्या सोन्याचा आहे. तोच तुकडा पितळेचा असता, तर पाण्यातील आकडा १.४६ च्या आसपास आला असता.

दोन गोष्टींनी हमखास चूक होते. पहिली, खाचांत अडकलेले हवेचे बुडबुडे. ते आकारमान वाढवतात आणि घनता कमी दाखवतात. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकावा आणि खंड पाण्यातच हलवून बुडबुडे सोडवावेत. दुसरी चूक अधिक फसवी आहे. खंड एक ग्रॅमचाच असेल, तर पाण्यातील आकडा ०.०६ च्या आसपास येतो. काटा एका शतांशाने जरी चुकला तरी उत्तर १४ ते २० यांत कुठेही जाऊ शकते. म्हणून शतांश काट्यावर पाच ग्रॅमहून लहान खंडांच्या निष्कर्षावर विसंबू नये. त्यासाठी ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो.

क्वार्ट्झसह असलेल्या खंडात सोने किती, याचा अंदाजही याच आकड्यांतून निघतो. आकारमानाला २.६५ ने गुणावे, ते उत्तर एकूण वजनातून वजा करावे आणि उरलेल्याला १.१८५ ने गुणावे. येथे सोन्याची घनता १७ गृहीत धरली आहे. उदाहरणार्थ, २४ ग्रॅमचा तुकडा ४ घन सेंटिमीटर भरला, तर २४ वजा १०.६ म्हणजे १३.४, आणि त्यावरून सोने सुमारे १५.९ ग्रॅम. क्वार्ट्झऐवजी लोहखनिज चिकटलेले असेल तर हे गणित चुकते, कारण लोहखनिजे क्वार्ट्झहून बरीच जड असतात.

प्रयोगशाळेत किंवा जवाहिऱ्यांकडे क्ष-किरणांवर चालणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने शुद्धता काही क्षणांत सांगितली जाते. परंतु हे यंत्र फक्त पृष्ठभागाजवळचा पातळ थर वाचते. मातीत आणि पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या खंडाच्या बाहेरील थरातून चांदी निघून गेलेली असते, त्यामुळे यंत्रावरील आकडा आतल्या सोन्याहून अधिक शुद्ध येऊ शकतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूबाबतही हीच अडचण आहे. नायट्रिक आम्लाची तपासणी मात्र घरी करू नये.

नकली खंड कसे उघडे पडतात

बाजारात दोन प्रकारचे बनावट खंड अधिक दिसतात. एक म्हणजे वितळलेले सोने किंवा मिश्रधातू पाण्यात ओतून केलेले ‘थेंब’. त्यांचे अंग सगळीकडे सारखे गुळगुळीत असते, टोके अश्रूसारखी ओघळलेली असतात आणि खाचांत मातीचा किंवा खडकाचा मागमूस नसतो. येथे धातू सोन्याचा असू शकतो, म्हणून घनतेच्या तपासणीत हा तुकडा उत्तीर्णही होतो. खोटी असते ती त्याची नैसर्गिकता. दुसरा प्रकार साच्यात ओतलेल्या खंडांचा. भिंगाखाली कडेने जाणारी साच्याची बारीक रेघ, गोल छिद्रे आणि एकाच विक्रेत्याकडे हुबेहूब सारखे दोन तुकडे, ही त्याची लक्षणे. निसर्गात दोन खंड कधी सारखे होत नाहीत. पाण्याने घासलेल्या अस्सल खंडाचे उंचवटे चमकदार आणि खोलगट भाग मंद दिसतो, शिवाय त्या खोलगट भागात लालसर माती किंवा क्वार्ट्झचे कण घट्ट बसलेले असतात. विक्रेत्याला सापडण्याचे ठिकाण विचारावे, आणि उत्तरात नुसते देशाचे नाव आले तर किंमत केवळ धातूच्या वजनाची आहे असे समजून व्यवहार करावा.

शोध : निघण्यापूर्वी

परवानगीचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. अनेक देशांत जमीन खाजगी असली तरी तिच्या पोटातील खनिजावर शासनाचा हक्क असतो. ब्रिटनमध्ये नैसर्गिक सोने आणि चांदी राजसत्तेची मानली जाते. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना हौशी शोधकांना मिळतो आणि तो १० वर्षे चालतो, पण राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतांश भागात तो उपयोगी पडत नाही. न्यूझीलंडने हौशी लोकांसाठी काही सार्वजनिक क्षेत्रे राखून ठेवली आहेत आणि तेथे इंजिनाविना चालणारी हातची साधनेच वापरता येतात. अमेरिकेत सरकारी जमीन मोकळी दिसली तरी तिच्यावर कोणाचा तरी नोंदवलेला खाणहक्क असू शकतो. जेथे जायचे तेथील नियम लेखी स्वरूपात वाचावेत आणि जमीनमालकाची संमतीही लेखीच घ्यावी.

त्यानंतर नकाशे. सोने शोधणाऱ्यांमध्ये एक जुनी समजूत आहे की सोने जेथे पूर्वी सापडले तेथेच पुन्हा सापडते, आणि हौशी माणसासाठी ती जवळजवळ शंभर टक्के खरी आहे. भूवैज्ञानिक नकाशांवर क्वार्ट्झच्या शिरा, दोन वेगळ्या खडकांच्या सीमा आणि जुन्या खाणींच्या खुणा पाहाव्यात. जुन्या खणत्यांच्या बाहेर टाकलेल्या मातीचे ढीग तर अवश्य तपासावेत, कारण त्या काळी डोळ्यांना न दिसलेले खंड आज डिटेक्टरला ऐकू येतात.

नदी वाचणे आणि वाळू रोळणे

सोने आजूबाजूच्या वाळूहून सात पट जड असल्याने पाण्याचा जोर जेथे कमी होतो तेथे ते बसते. वळणाच्या आतल्या बाजूचा गोट्यांचा पट्टा, मोठ्या धोंड्यांच्या प्रवाहाखालची बाजू, तीव्र उतार संपून पात्र रुंदावते ती जागा आणि काठावरील झाडांची पाण्यात उतरलेली मुळे येथे आधी पाहावे. सर्वांत चांगली जागा म्हणजे तळखडकाच्या भेगा, त्यातही प्रवाहाला आडव्या जाणाऱ्या. वाकवलेला स्क्रूड्रायव्हर, ताठ केसांचा ब्रश आणि चमचा घेऊन अशी भेग तळापर्यंत खरवडून काढावी. वरचा अर्धा गाळ काढून समाधान मानणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही, कारण सोने तळाच्या शेवटच्या बोटभर मातीत असते. घट्ट चिकणमातीचा थर लागला तर त्याच्या वरची रेतीही तपासावी, कारण अशा थराखाली सोने सहसा झिरपत नाही. नदीने पूर्वी सोडून दिलेले, आज काठावर उंच राहिलेले गोट्यांचे थरही विसरू नयेत.

परातीचे काम तांदूळ रोळण्यासारखेच आहे, फक्त येथे तांदूळ टाकायचा आणि खडा ठेवायचा. परात तीन चतुर्थांश भरून पूर्ण पाण्यात बुडवावी आणि चिकणमाती हाताने कुस्करून विरघळवावी. मातीचा गोळा तसाच राहिला तर तो सोने उचलून बाहेर नेतो. मोठे गोटे धुऊन, नीट पाहून काढावेत. परात पाण्याखाली आडवी ठेवून दोन्ही बाजूंना जोरात हलवावी, म्हणजे जड कण तळाशी जातात. मग कड खाली झुकवून वरचा हलका थर पाण्याच्या लाटेने सोडून द्यावा. तीन-चार लाटांनंतर परात पुन्हा आडवी करून हलवावी. घाई होते ती नेमकी येथेच. शेवटी मूठभर काळी वाळू उरते, जिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे, प्रमाण मोठे असते. ती वाळवून, कागदात गुंडाळलेल्या चुंबकाने बरीचशी वेगळी करता येते. परातीला तेलकटपणा असेल तर बारीक सोने पाण्यावर तरंगून निघून जाते, म्हणून नवी परात साबणाने घासून घ्यावी.

आपला हात बसला की नाही हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. शिशाच्या दहा लहान गोळ्या हातोडीने चपट्या करून साध्या वाळूत मिसळाव्यात आणि ती वाळू रोळून पाहावी. दहाच्या दहा परत मिळेपर्यंत नदीवर जाण्याची घाई करू नये. शिसे सोन्याहून हलके असल्याने, ते राखता आले तर सोने सहज राखता येते.

ओढ्यात कण मिळू लागले की प्रवाहाच्या उलट दिशेने ठरावीक अंतरावर परात भरत जावे आणि प्रत्येक ठिकाणचे कण मोजून लिहावेत. वर जाताना कण खरबरीत होत गेले आणि एकाएकी मिळेनासे झाले, तर शेवटच्या यशस्वी जागेच्या बाजूचे उतार तपासावेत. नगेट देणारी जमीन अनेकदा तेथे असते.

डिटेक्टरचे काम

डिटेक्टरचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या लहरींवर चालणारी यंत्रे हलकी असतात आणि लहान, उथळ सोन्याला उत्तम प्रतिसाद देतात, परंतु लोहखनिजांनी भरलेल्या लाल जमिनीत ती गोंधळतात. पल्स इंडक्शन, म्हणजे जमिनीत थांबून थांबून चुंबकीय ठोके सोडणारी यंत्रे अशा जमिनीत अधिक खोल जातात, पण महाग असतात आणि लोखंडी कचरा वेगळा ओळखण्यात कमी पडतात. कोणतेही यंत्र असो, कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीला जवळजवळ घासून, समांतर आणि सावकाश फिरवावी, एका फेऱ्याचा निम्मा पट्टा पुढच्या फेऱ्यात पुन्हा यावा आणि जमीन बदलली की यंत्राचे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतील खनिजांचा प्रतिसाद दाबणारी जुळणी, पुन्हा साधावे. हेडफोन लावावेत, मोबाइल बंद ठेवावा आणि लोखंडी टाचेचे बूट घरी ठेवावेत.

आवाज आला की आधी पायाने वरची माती बाजूला सारावी. आवाज हलला तर बहुधा तो पृष्ठभागावरचा खिळा असतो, आणि कुदळीला बसवलेले चुंबक तो उचलून घेते. आवाज खोलवरून येत असेल तर कडेने खणावे, थेट वरून घाव घालू नये. कुदळीच्या घावाने चिरलेले खंड पुष्कळ संग्रहांत पाहायला मिळतात. काढलेल्या मातीतून एक ओगराळे भरून कॉइलवरून फिरवावे. आवाज आला तर निम्मी माती हातावर घेऊन पुन्हा तपासावी आणि असे निम्मे-निम्मे करत गेल्यास दोन मिनिटांत वस्तू हाती येते. शिशाचे छर्रे, काडतुसांचे तुकडे आणि ‘हॉट रॉक’ म्हणून ओळखले जाणारे लोहयुक्त दगड शंभरदा फसवतील. तरीही प्रत्येक स्पष्ट आवाज खणावाच, कारण शिसे आणि सोने यांचा आवाज कानाला वेगळा करता येत नाही. एक खंड मिळाला की निघून न जाता आजूबाजूची जमीन दोरी बांधून चौकोनांत विभागावी आणि उभी-आडवी दोन्ही दिशांनी पिंजून काढावी, कारण खंड बहुधा एकटे नसतात. खड्डे बुजवूनच पुढे जावे. जुन्या विहिरीसारख्या खाणींच्या तोंडाशी माती ढासळते, तेथे कधीही एकट्याने जाऊ नये.

१९८० मध्ये व्हिक्टोरियातील किंगोवरजवळ डिटेक्टरने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ हा २७.२ किलोग्रॅमचा खंड आजही अखंड आहे. याच प्रांतातील मोलियागुल येथे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना मातीत काही सेंटिमीटरांवर सापडलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ त्याच्या अडीचपटींहून मोठा होता. पण तो तोलण्याएवढा काटा जवळ नसल्याने ऐरणीवर ठेवून तुकडे करण्यात आला आणि आज त्याच्या केवळ प्रतिकृती पाहायला मिळतात.

घरी आणल्यावर

खंड कोमट पाण्यात द्रवसाबण घालून मऊ ब्रशने धुवावा, इतकेच पुरेसे आहे. लोखंडाचा तांबूस डाग फारच खुपत असेल तर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात एखादा दिवस ठेवून पाहावे, तरी खाचांतील थोडी माती राहू द्यावी, कारण तीच नैसर्गिकतेची साक्ष असते. क्वार्ट्झ काढण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात असे ऐकून कोणी ते मागवू नये. त्वचेतून शिरून ते हाडांपर्यंत इजा करते आणि जीवही घेऊ शकते. शिवाय क्वार्ट्झसह असलेला सुंदर तुकडा संग्राहकांच्या लेखी नुसत्या सोन्याहून अधिक मोलाचा असतो. जुन्या खाणींच्या परिसरात परातीत चांदीसारखे पांढरे कण मिळाले, तर ते पूर्वी वापरलेला पारा लागलेले सोने असू शकते. ते घट्ट झाकणाच्या वेगळ्या बाटलीत ठेवावे आणि कोणत्याही कारणाने तापवू नये.

सोने मऊ असल्याने खंड एकाच डबीत एकमेकांवर घासू देऊ नयेत. प्रत्येकाला स्वतंत्र लहान पेटी आणि क्रमांक द्यावा. मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, आणि नोंदवहीत तारीख, ठिकाणाचे जीपीएस अंक, खोली, मातीचा प्रकार, कोरडे वजन, पाण्यातील आकडा आणि परवान्याचा क्रमांक त्याच दिवशी लिहावा. विकत घेतलेल्या खंडापुढे विक्रेत्याने सांगितलेले ठिकाण लिहिताना ‘सांगीवांगी’ अशी खूण जरूर करावी.